एका खेपेचा दोरा

"दुकान कसं चाललंय?" असं कुणी विचारलं की रीळमावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. चालायला गिऱ्हाईक तर हवं! सुया, लेसा, क्रोशाचे दोरे यांनी खण गच्च भरलेले. बाया यायच्या, गुंड्यावरच्या नंबराचा फोटो काढायच्या आणि "सांगते हं" म्हणून जायच्या त्या जायच्याच. दोरा मोबाइलवरून घरपोच यायचा. मावशी म्हणजे फुकट दाखवायला बसवलेली बाहुली!

तिच्या दुकानाची एक रीत होती. कुणी मोठं विणकाम काढलं की त्यापुरता सगळा दोरा एकाच खेपेचा, पिशवीत बाजूला ठेवायचा. गिऱ्हाइकाने लागेल तसा न्यायचा. नंबर तोच असला तरी खेप बदलली की रंग थोडा फिरतो.

आता अशी एकच पिशवी उरली होती, मोतिया रंगाची. शाळेतल्या बाईंनी लेकीसाठी पलंगपोस विणायला घेतला होता. अर्धा झाला आणि बाई फिरकेनाशा झाल्या.

मुलगा दुकान मोबाइल-कव्हरवाल्याला द्यायच्या मागे लागला होता. "आई, अडून कुणासाठी बसलीयेस?"

"बाईंचं काम अर्धवट आहे. ते होईपर्यंत नाव काढू नकोस."

आणि एका दुपारी बाई दुकानासमोरूनच गेल्या. मान खाली, हातात कुरियरचं फाडलेलं पाकीट, त्यातून मोतिया दोरा डोकावतोय. मावशीच्या जिवाचा नुसता संताप झाला.

"बोलाव तुझ्या कव्हरवाल्याला," ती घरी येऊन म्हणाली.

आवराआवर सुरू झाली. खोकी बांधता बांधता सुतळी संपली. मावशीने बाईंची पिशवी ओढली, दोरा चारपदरी केला, खोक्यांना करकचून आवळला आणि प्रत्येक गाठीपाशी कात्री चालवली. मेलं कुणाला हवंय!

शेवटचं खोकं बांधून होतंय तोच बाई दारात उभ्या. खांद्यावर पलंगपोस.

"मावशी, बघा ना, नवा पट्टा उठून दिसतोय. नंबर तर तोच आहे."

सवयीने मावशीने तो पायरीवर, उजेडात नेला. पट्टा पिवळट होता.

"खेप दुसरी आहे."

"चुकलंच माझं. लाजेने इकडे यायचं टाळत होते. पण पिशवी आहे ना माझी? तुम्ही ती दुसऱ्या कुणाला देणार नाही, म्हणून निर्धास्त होते."

"दुसऱ्या कुणाला नाही दिली," मावशी म्हणाली आणि तिने खोक्यांकडे बोट केलं.

बाईंनी आधी खोकी पाहिली, मग त्यांच्यावरच्या गाठी.