वेल्ह्याहून आणलेली कोंबडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — सांगितलंय. पंचवीसेक वेळा तरी सांगितलंय. लग्नाच्या मांडवात, बारशाला, यात्रेच्या जेवणानंतर. पण खरं एकदाही नाही.

आमच्या भावकीत गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. आवाज मोठा, पोट मोठं, काम बेताचं — असा एक माणूस प्रत्येक घराण्यात असतो, आमच्यात तो मी. आणि माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे काकीची कोंबडी. काकी माझी सख्खी चुलती. तिचं अंगण आणि माझं पोल्ट्रीचं शेड यांच्यात चाळीस पावलं. ती वेल्ह्याच्या बाजारातून एक तांबडी कोंबडी घेऊन निघते, पिशवीतून मुंडकं बाहेर, एसटीत कंडक्टर म्हणतो, "आजी, हिचं तिकीट?" काकी म्हणते, "ती कुठं बसलीया? म्या धरलीया!" इथं पहिला हशा. मग गावात बर्ड फ्लू येतो, सरकार येतं, चिखलात घसरलेले डॉक्टर येतात — ते मी उठून करून दाखवतो — आणि शेवटी मी म्हणतो, "एक कोंबडी एसटीनं आली, आन् जाताना सगळ्या गावच्या कोंबड्या घेऊन गेली." लोक डोळे पुसतात. काकीही असते तिथे. पदर तोंडाला लावून हसते.

हसते का? मी नीट कधी बघितलंच नाही.

जरा मागून सांगतो. त्या हिवाळ्यात राज्यात कुठं कुठं कोंबड्या मरायला लागल्या होत्या आणि पशुसंवर्धन खात्याचं सूचनापत्र ग्रामपंचायतीत आलं होतं. ते ग्रामसभेत वाचलं कुणी? मी. आवाज मोठा ना. "मेलेला पक्षी उघड्यावर टाकू नये. ओढ्या-नाल्यात टाकू नये. मरतूक दिसताच दवाखान्यात कळवावे." वर माझ्या पदरचं भाषणही जोडलं, गावानं जबाबदारीनं वागावं वगैरे. टाळ्या पडल्या.

पुढच्याच आठवड्यात माझ्या शेडात सकाळी चाळीस-पन्नास पक्षी मरून पडले होते. तुरे निळे पडलेले.

मी काय केलं असेल, वाटतं तुम्हाला?

गारठ्यानं मेले असतील, असं स्वतःला सांगितलं. पुरायचे, तर आमच्या रानात हातभर खाली काळा खडक — खड्डा कोण खणणार? आणि कळवलं, तर गाव म्हणणार, भाषण देणाऱ्याच्याच शेडात निघाला रोग. खरं तर हेच. नुकसानीचं सुचायच्या आधी मला ते हसू ऐकू आलं. मी खाद्याच्या रिकाम्या पोत्यांत पक्षी भरले आणि दुपारी, गाव जेवून आडवं झालं तेव्हा, ओढ्याच्या वळणावर टाकून आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. कुत्र्यांनी पोती फाडलेली दिसत होती. मी ती दगडांनी दाबली — फार काळजीपूर्वक.

काकीच्या कोंबड्या त्याच ओढ्याला चरायला जायच्या. हे मला माहीत नव्हतं, असं लिहायला बसलो होतो. माहीत होतं.

चौथ्या दिवशी तिच्या पाच मेल्या. बाजारातून आणलेली तांबडी त्यांतलीच. आणि काकीनं काय केलं? मी ग्रामसभेत वाचलं होतं, अगदी तेच. एक मेलेली कोंबडी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधली, एसटीनं वेल्ह्याला गेली आणि जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांपुढे ठेवली. अख्ख्या गावात माझं भाषण मनावर घेतलेलं माणूस ते एवढंच.

डॉक्टर दुपारीच आले. नमुने घेतले, मग माझ्या शेडात आले. तिथं तर लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, निम्मं शेड आडवं होतं. त्यांनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हणालो, "आज सकाळपासून." त्यांनी विचारलं, "बाहेरून काही पक्षी आणला होता?" आणि मी — कुणी दटावलं नाही, कुणी धमकावलं नाही — अगदी सहज म्हणालो, "माझ्याकडं न्हाई सायेब. पण आमच्या काकीनं परवाच वेल्ह्याच्या बाजारातनं एक आणलीया."

त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

भोपाळच्या प्रयोगशाळेतून नमुन्याचा निकाल आला, तहसीलमधून आदेश निघाला. एक किलोमीटरच्या वर्तुळातला प्रत्येक पक्षी मारायचा, अंडी-खाद्य सगळं पुरायचं. वर्तुळाचा मध्य म्हणजे काकीचं अंगण. चाळीस पावलं इकडं की तिकडं, सरकारला काय फरक पडतो? काकीला पडला.

पांढऱ्या पोशाखातली माणसं भर दुपारी आली. आता, मोकळी कोंबडी दिवसा हाती लागते का? ती धरायची तर तिन्हीसांजेला, खुराड्यात शिरल्यावर. पण सरकारी काम दुपारचं. माणसं गल्लीबोळांतून धावताहेत, कोंबड्या कौलांवर. शेवटी त्यांनी काकीलाच विनंती केली. गावात तिचा हात चांगला म्हणायचे — खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायला बायका तिला बोलवायच्या, तिनं ठेवलेल्या सगळ्या अंड्यांतून पिल्लं निघतात म्हणून. बाळंतिणीला गावरान अंडी जायची ती तिच्याच घरून. तर काकी मूठभर तांदूळ घेऊन घरोघर फिरली. तिनं हाक मारली की कोंबड्या यायच्या. ती त्यांना डालग्याखाली झाकायची आणि बाजूला व्हायची. मग पांढरी माणसं पुढं यायची. एका घरी एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती, तिला तर हाक मारायचीही गरज नव्हती. बायका दारात उभ्या होत्या आणि काकीकडे बघत होत्या. एक बोललीच, "आणलीस ना रोग घरात? आता ने गोळा करून."

मी तिथेच होतो. खड्ड्यात टाकायच्या चुन्याच्या पोत्यांवर देखरेख करत होतो. जबाबदार माणूस म्हणून.

पण हेही नाही मला सांगायचं. खोटं बोललो, ते भित्रेपण म्हणा. मला सांगायचंय ते पुढचं.

आठ-दहा दिवसांनी काकी माझ्याकडे आली. कधी माझ्या ओट्यावर न अवघडलेली बाई, पण पायरीशीच उभी राहिली. म्हणाली, "दत्ता, माझ्यापायी तुझं सगळं शेड गेलं रं. म्या पाया पडते तुझ्या." आणि खरंच वाकली. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी बाई.

मी तिचे हात धरले. आणि म्हणालो, "असू दे काकी. तू काय मुद्दाम केलंस व्हय?"

म्हणजे मी तिला माफ केलं. कळतंय का तुम्हाला? मी — तिला — माफ केलं. मोठ्या मनानं. घरातले म्हणाले, दत्तूचं मन लई मोठं. आणि पुढच्या लग्नात मी ती गोष्ट पहिल्यांदा रंगवून सांगितली. लोक काकीशी नीट बोलत नव्हते, हसण्यावारी नेलं की विसरतील, असं मी मनाशी म्हणालो. विसरले नाहीत. मीच विसरू दिलं नाही. कंडक्टरचा तो विनोदही माझाच. काकी असलं काही बोललीच नव्हती.

तेव्हा कळवलं असतं तरी सगळ्या कोंबड्या मारल्याच असत्या, असाही हिशोब मी घालून बघितलाय. मारल्या असत्या. पण काकीनं मारवल्या, असं कुणी म्हटलं नसतं.

गेल्या दिवाळीनंतर माझी सून बाळंत झाली. नात झाली. सुनेनं हौसेनं दोन गावरान कोंबड्या आणल्या आणि एक खुडूक झाल्यावर काकीला म्हणाली, "आजी, तुम्हीच ठेवा ना अंडी." काकी दोन पावलं मागं सरली. "नगं बाई. माझ्या हातचं नगं. तान्ह्या पोरीचं घर हाय." सून माझ्याकडे बघायला लागली, तिला काही कळेना. मी हसून म्हणालो, "अगं, तुला ती वेल्ह्याच्या कोंबडीची गोष्ट सांगितली न्हाई का?"

आणि सांगितली. काकी ऐकत उभी होती.

आता हे इथं सगळं लिहिलं. रोग माझ्या शेडात होता. पोती मी टाकली. नाव मी घेतलं. काकी पलीकडेच आहे, आत्ता अंगण झाडतेय, खराट्याचा आवाज येतोय. उठून गेलो तर सांगून होईल. मी लिहायला बसलो, कारण तिला वाचता येत नाही.