निखतच्या भावाचं नाव मीच घेतलं

मी स्टेशनबाहेर उभी राहून पत्रकं वाटते, सभेत माईक हिसकावून बोलते, पोलीस हटवायला आले की त्यांच्याशीही वाद घालते. पल्लवीला बोलायला कुणाची भीती वाटत नाही, असं प्रेमाच्या हक्कासाठी लढणाऱ्या आमच्या आघाडीत म्हणतात. म्हणू देत. पुढे जे लिहिणार आहे ते मी त्यांच्यापैकी कुणाला सांगितलेलं नाही. जिच्यासोबत घाटकोपरला एका खोलीत राहते, तिलाही नाही. ती विचारते, झोपेत दात का खातेस? मी म्हणते, सवय आहे.

आमचं पत्रक कधी तुमच्या हातात आलं असेल. मागच्या बाजूला एक चौकट असते, तिच्यात एक गोष्ट. चारकोपची एक मुलगी — नाव बदललेलं. तिचं वाकोल्यातल्या एका मुस्लिम मुलीवर प्रेम बसतं. घरी कळतं. घरचे तिला मारतात, कोंडतात. त्या मैत्रिणीचा भाऊ दोघींच्या बाजूने उभा राहतो, म्हणून धर्माचे ठेकेदार त्याचा हात मोडतात. वाचून लोक थांबतात. बायका डोळे पुसतात. एक आजोबा मला म्हणाले होते, “पोरी, त्या भावाला माझा नमस्कार सांग.”

चारकोपची ती मुलगी मी. प्रेम खरं, भावाला मारलं हेही खरं. चौकटीतलं बाकीचं मी बनवलंय.

निखत आणि मी सांताक्रूझच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होतो. ती काउंटरवर, मी आत रिपोर्ट टाइप करायला. तिचं गाव रत्नागिरीकडचं, आमच्या गावासमोर, खाडीच्या पलीकडे. डब्यात दोघींच्याही तेच बांगड्याचं तिखलं. आमचं काय होतं ते मी इथे रंगवून सांगणार नाही. रंगवण्याचा हक्क मी घालवलाय. प्रेम होतं, एवढं पुरे. कायद्याने तेव्हा आम्ही गुन्हेगारसुद्धा नव्हतो — म्हणजे ती सबबही माझ्याकडे नाही.

एकदा लॅबला खूप उशीर झाला. निखतचा भाऊ फैजान तिला न्यायला आला होता. एसी-गीझरची दुरुस्ती करायचा तो, चारकोपच्या बऱ्याच सोसायट्यांत त्याची कामं होती. निखत म्हणाली, हिला सोडून ये, मी बसते इथे. त्याने मला बाइकवरून घरापर्यंत आणून सोडलं. मी त्याच्याशी आयुष्यात जे काही बोलले, ते त्या रस्त्यावर. “इथून लेफ्ट.” “बस, इथेच.”

आमच्या मजल्यावरच्या परबकाकूंनी ते पाहिलं.

त्यात आईने आठवडाभर आधी माझ्या फोनवर एक मेसेज वाचला होता. कुणाचा ते कळलं नव्हतं, कसला ते कळलं होतं. ती गप्प राहून वाट बघत होती. काकूंनी सांगितल्यावर तिने दोन आणि दोन चार केले. मला स्वयंपाकघरात बसवलं, दार लोटलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “कोण असा तो? खरा सांग गो.”

आता तुम्ही मला सांगा, काय सांगायचं होतं? ‘तो’ कुणी नव्हताच. ती होती. आई तिला ओळखत होती, ती दोनदा आमच्याकडे जेवूनही गेलेली. मी तोंड उघडलं असतं तर — काय झालं असतं? मला माहीत नाही. मी उघडलंच नाही. म्हणजे उघडलं, आणि म्हणाले, “फैजान.”

एवढं भीतीपोटी झालं, असं समजा. समजून घ्याल तुम्ही, तुम्ही भले लोक आहात. पण थांबा. इथवरच असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

माझा दादा तेव्हा एका मंचात होता. नाव लिहीत नाही, तुमच्या नाक्यावर ज्यांचा भगवा बोर्ड आहे त्यांचं घाला, फार फरक पडणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या महिला विभागाच्या विद्याताई घरी आल्या. मऊ सुती साडी, मऊ आवाज. मला वाटलं, आता माझी शाळा घेणार. त्यांनी माझा हात हातात घेतला.

“घाबरू नकोस बाळा. तुझी काहीच चूक नाही. ही माणसं कशी काम करतात, आम्हाला ठाऊक आहे. आधी बहीण पुढे करतात. ती मैत्री करते, डबा खाते, घरी येते. मग भाऊ. तसंच झालं ना?”

आणि मी मान हलवली.

कळतंय का तुम्हाला मी कशाला हो म्हटलं? माझ्यावर जिने जीव लावला ती सापळ्यातलं आमिष होती, याला. माझ्या आयुष्यात जे एकच खरं घडलं होतं, ते कट होता — याला. त्यांच्याकडे गोष्ट तयार होती. तिच्यात एक जागा रिकामी होती, भोळ्या, फसलेल्या मुलीची. ती भरली की मी निर्दोष. मुलीवर प्रेम करणारी मुलगी म्हणून मला त्या घरात कोपरासुद्धा मिळाला नसता. मुसलमानाने फसवलेली मुलगी म्हणून? आईने शिरा केला. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. “मेल्यान माज्या चेडवाक नादाक लावल्यान,” म्हणून रडली आणि रडता रडता माझ्या केसांना तेल लावलं. मला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. इतके लाड माझे दहावीच्या निकालालाही झाले नव्हते.

त्या रात्री निखतचा फोन आला. मंचाच्या लोकांनी लॅबच्या मालकाला फोन केला होता, तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. ती रडत नव्हती. म्हणाली, “पल्लवी, कोण होतं ते सांगू नकोस. माझं नाव घेऊ नकोस, तुझं काही सांगू नकोस. फक्त एवढं म्हण की तो नव्हता. बस. तो नव्हता.”

याहून स्वस्तात कुणी सोडलं असतं का मला? मी फोन कापला. नंबर ब्लॉक केला.

हे वाईट. याहून वाईट पुढे आहे, आणि त्याच्याकडे यायला मला एवढा वेळ लागतोय.

पोलिसात जायचं नाही, मुलीचं नाव खराब होतं, असं मंचात ठरलं. त्याऐवजी पत्रक काढायचं. संक्रांतीनंतरचे दिवस होते, सोसायट्यांमध्ये हळदीकुंकू चालू होतं. प्रत्येक बाईला वाण म्हणून स्टीलची डबी द्यायची, तिच्यात तिळाच्या वड्या आणि घडी घातलेलं पत्रक. बाई डबी घरी नेणार, उघडणार, वाचणार, सासूला दाखवणार. पुरुषांच्या सभेपेक्षा हे जास्त आत जातं, असं विद्याताई म्हणायच्या. बरोबरच म्हणायच्या. आजही मी त्यांच्याइतकं चांगलं वाटप करू शकत नाही.

मजकूर कोण लिहिणार? विद्याताई म्हणाल्या, “एका आईची हाक, असं हवं. पण आईंना लिहिता येणार नाही. तू लिही बाळा, तू टाइप करतेस ना?”

मी लिहिलं. आईच्या नावाने. माझ्यावर कुणी चाकू धरला नव्हता. मी ‘जमत नाही’ म्हणू शकले असते, रडू शकले असते — फसलेल्या मुलीला रडायची मुभा असते. मी खुर्ची ओढून बसले. पहिली ओळ जमेना म्हणून चिडले. मग जमली. “तुमच्या घरातला गीझर दुरुस्त करणारा हात तुमच्या मुलीपर्यंत पोचला आहे का, ते आजच पाहा.” ती ओळ मी मोठ्याने वाचून पाहिली. ‘आजच’ आधी नव्हतं, मी नंतर घातलं. घातल्यावर वाक्याला कसा दणका आला! मला आनंद झाला. हेच ते. हेच मला सांगायचं होतं. मला आनंद झाला. पहिल्यांदा कळलं की मला हे येतं, माझ्या शब्दाने माणसं हलतात. निखतचं तोंड तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आलं नाही. आलं असतं तर बरं, असं आज म्हणायचं. खरं हेच की आलं नाही.

डब्या वाटल्या गेल्या. नाव कुणाचंच छापलेलं नव्हतं, पण चारकोपमध्ये गीझरवाला फैजान सगळ्यांना माहीत होता.

काही दिवसांनी रात्री दादा जेवायला बसला, कॉलर फाटलेली. फार खूश होता. “गेटवरच धरला साल्याला. म्हणतो, मैं तो मॅडमचा गीझर बघायला आलोय. म्हटलं ये, बघतो तुझा गीझर. पान्यानेच दिला त्याच्या मनगटावर. त्याचाच पाना!” बाबा म्हणाले, “जीव-बिव गेला नाय ना?” दादा म्हणाला, “नाय ओ. पण उजवा हात आता कामाचा नाय राहिला.”

मी पातेल्यापाशी उभी होते. मी विचारलं, “आमटी वाढू?”

नंतरचं पटकन सांगते. मी घर सोडलं, घाटकोपरला नोकरी धरली, आघाडीत आले. पहिल्याच बैठकीत आम्ही गोल करून बसलो आणि प्रत्येकाने आपापलं सांगितलं. कुणाला बापाने पट्ट्याने मारलं, कुणाला भोंदूबाबाकडे नेऊन धुरी दिली, कुणाचं जबरदस्तीने लग्न लावलं. माझी पाळी आली. मी काय सांगायचं होतं? शिरा? तेलमालिश? मी म्हणाले, मला मारलं. मग म्हणाले, तिच्या भावालाही मारलं, कारण तो आमच्या बाजूने उभा राहिला. बाजूच्या मुलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पत्रकाचा मजकूर लिहायला माणूस हवा होता. मी म्हटलं, मी लिहिते. मला येतं.

कुठे शिकलीस, असं कुणी विचारलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी अंधेरीला आमचं टेबल लागलं होतं. निखत समोर येऊन उभी राहिली. मी ओळखलं. तिने पत्रक उचललं, उलटलं, चौकट शेवटपर्यंत वाचली. म्हणाली, “हे पण तूच लिहिलंस ना? कळतं. ते डबीतलं पण वाकोल्यात पोचलं होतं.”

मी म्हटलं, “निखत, ऐक ना—”

“फैजान तुझ्या बाजूला कधी होता गं? त्याला तर माहीतच नव्हतं काही. घरात सगळे त्यालाच विचारत होते, काय केलंस त्या पोरीला, खरं बोल. अम्मीपण. मग मला सांगावं लागलं. सगळं. तो वाचला, घरात. माझं काय झालं ते नको विचारू.” पत्रक तिने जागच्या जागी ठेवलं. “तो आता शोरूमच्या बाहेर वॉचमन आहे. चौकटीतून त्याला काढ.”

मी काढलं नाही. मोर्चा तोंडावर होता, नवा गठ्ठा छापून आला होता. आणि चौकटच तर लोक वाचतात! मी तो गठ्ठा वाटला. माझ्या हाताने, हसून.

गेल्या रविवारी चारकोपला गेले आणि दादाला सगळं सांगितलं. गच्चीवर, उभ्याउभ्याच. फैजानशी माझा काडीचा संबंध नव्हता, होता तो निखतशी, मी खोटं बोलले, तुम्ही एका निरपराध माणसाचा हात मोडलात. मला वाटलं, हा खाली बसेल. निदान शिवी देईल. तो पाण्याच्या टाकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “जाऊ दे. तू नाय तर दुसऱ्या कुणाच्या मागे लागलाच असता तो. ते लोक तसेच.” आणि घाबरून, आजूबाजूला बघून, “पण तू... पोरीबरोबर? यार पल्ले. हे आईला बोलू नको हां. मरेल ती.”

मी जिना उतरले. नाक्यावर रिक्षा केली.

चारकोप संपायच्या आत दादाचं ते बोलणं मी मनात मांडायला घेतलं होतं. माणसाचा हात मोडला त्याचं काही नाही, बहीण मुलीवर प्रेम करते याची लाज — पहिलं वाक्य लहान, दुसरं लांब, शेवटी ‘लाज’ हा शब्द. ‘मरेल ती’ ठेवायचं की काढायचं, याचा मी बराच वेळ विचार केला. पत्रकात छान बसलं असतं.