हळद लाल झाली तेव्हा

ऐंशीच्या दशकातली ती पांढरी पूड आठवली की आजही माझा उजवा हात जड होतो.

उपनगरात गर्द नावाच्या नशेच्या पुड्या शिरल्या होत्या तो काळ. मी सब-इन्स्पेक्टर होतो. खबऱ्याने टीप दिली की नाहूरकडच्या वस्तीत एका सुताराच्या घरी पांढरी पूड आली आहे. झडतीत डबाभर निघाली. दारात मांडव होता. संध्याकाळी मुलीची हळद. पाहुण्यांसमोर दंडाला धरून मी त्याला जीपमध्ये घातलं.

"माल कुठून आणलास?"

"माल न्हाई साहेब, आमच्या बुलढाण्याकडच्या लोणारच्या तळ्याचा खार हाये. आभाळातून दगड पडला, त्या खड्ड्यातलं खारं तळं. आमच्या घरात नवरीच्या हळदीत तोच कालवतात."

आमचे मालवणी हवालदार हसले. "बुलढाण्यात समुद्र खंयसून इलो रे?"

मीही कोकणातलाच. समुद्राशिवाय खारं पाणी मला पटेना. खोटं बोलतो म्हणून थप्पड मारली. त्याचा चष्मा पडला. त्याने तो उचलला, सदऱ्याला पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

दुपारी त्याची बायको हळदीची वाटी घेऊन पोलीस ठाण्यात आली. "साहेब, यात तुमची ती पूड टाका. हळद लाल न्हाई झाली तर मलाबी आत घ्या."

चिमूटभर पूड पाण्यात कालवून ओतली. हळद कुंकवासारखी लाल झाली.

हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, आमच्या घरात पापडखारान हळद अशीच लाल होता."

नमुना तपासणीला पाठवला. पुढे अहवालही खार असल्याचाच आला. सुताराला म्हटलं, "जा घरी." तो उठेना.

"मी सुटलो हे तुमाला माहीत. व्याह्यांना कोन सांगंन?"

मग त्याच जीपने, गणवेशातच त्याला घेऊन गेलो. व्याह्यांसमोर डबा त्याच्या बायकोच्या हाती दिला आणि मोठ्याने म्हणालो, "चूक पोलिसांची झाली. हा माणूस स्वच्छ आहे."

व्याह्यांनी सरकून सुताराला शेजारी जागा दिली. नवरी माझ्याकडे वाटी घेऊन आली. "काका, हात करा पुढं." मी उजवाच हात पुढे केला. लाल हळद दोन दिवस गेली नाही.

माणूस खोटं बोलतो म्हणण्याआधी आपल्याला किती ठाऊक आहे ते पाहावं, एवढं त्या दिवशी शिकलो. स्टेशन डायरीत मी लिहिलं होतं, 'चौकशी करून सोडले.' थप्पड लिहिली नव्हती. मांडवातही ती सांगितली नाही, आणि त्यानेही कुणाला सांगितली नाही.

आज लिहिली.