आईच्या नावाआधीची दोन अक्षरं

आज माझी लग्नपत्रिका छापायला द्यायला आई, काका आणि मी वडगावला गेलो होतो. कागद ठरला, गणपती ठरला, सोनेरी अक्षरंही ठरली. मग प्रेसवाल्या भाऊंनी नमुना दाखवला. निमंत्रक म्हणून काकांचं नाव होतं. आईचं नाव खाली कोपऱ्यात, आणि त्याआधी 'गं. भा.'

पप्पा गेल्यापासून मळवलीत भात लावून, लोकांचे बंगले सांभाळून आईने मला शिकवलं. आणि पत्रिकेत तिची ओळख काय, तर विधवा!

मी सरळ सांगितलं, "निमंत्रक आई. आणि ते गं. भा. काढा."

काका चिडले. "अगं, आपल्यात असंच छापत्यात. लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. माझ्या पत्रिकेत चालणार न्हाई."

भाऊंनी विचारलं, "मग नावाआधी काय टाकू? श्रीमती?"

आई म्हणाली, "काय बी नको. मी एकटी उभी ऱ्हायले, माझं नावबी ऱ्हाईल."

पत्रिका आईने सांगितली तशीच छापायला गेली.

ज्यांना हे खटकेल, त्यांनीही लग्नाला नक्की या. आग्रहाचं निमंत्रण आहे. निमंत्रक माझी आई आहे.