चिंधी बांधलेल्या शेंगा

रंभाबाई गजभिये यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या तारेच्या कुंपणाशी बोलत होत्या. १९७३ सालचा ऑगस्ट होता. यजमान गेल्यावर त्यांनीच अर्धवट बांधून ठेवलेल्या प्रताप नगरच्या घरात मी एकटी राहायला आले होते. घरासमोर एक तिकोनी मोकळा प्लॉट होता. ले-आउटच्या नकाशात त्यावर 'बाग' असं लिहिलेलं होतं. जमिनीवर मात्र गाजरगवत, विटांचे तुकडे आणि एक जुनी विहीर. त्या कुंपणाशी एक ठेंगणी, पन्नाशीची बाई उभी राहून म्हणत होती, "तिकडं नाई, इकडं. ही तार पकड."

मी फाटकातून विचारलं, "कोणाशी बोलताय?"

"वेलाशी. याले सांगा लागते जी, कोनती तार पकडाची थे. नाई तं आपलाच आपल्या गयात पडते." मग माझ्याकडे नीट पाहून त्यांनी विचारलं, "तुमाले कोनी नाई का बोलाले?"

मी आत निघून गेले. त्या दिवशीच्या डायरीत एवढंच आहे: 'पाऊस नाही. शेजारीण आगाऊ आहे.'

रंभाबाई प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत राहत. नवरा रुपराव एका कचेरीत शिपाई होते. त्या स्वतः पुष्कळ वर्षं कापडगिरणीत काम करून आता घरी बसल्या होत्या, म्हणजे बसल्या नव्हत्या. गाजरगवत उपटून त्यांनी कुंपणाकडेला वाल लावला होता. साधा वाल नव्हे. शेंगेची कड जांभळी, आतलं बी काळंभोर, आणि त्याला एका बाजूनं पांढरी रेघ. त्याचं नाव काय, हे मला डायरीसाठी हवं होतं.

"नाव कायले?" त्या म्हणाल्या. "घरच्या मानसाले कोनी आडनावानं बोलावते का?"

या वालाची एक खोड होती. पाच-सहा महिने नुसता पसरायचा आणि जानेवारीत दोन आठवड्यांत एकदम सगळा यायचा. दोन माणसांच्या घरात तो संपणं शक्यच नव्हतं. म्हणून रंभाबाई टोपली घेऊन घरोघर जायच्या. एका घरी त्यांना टोपली पायरीवर ठेवायला सांगत. त्या ठेवत, बाजूला उभ्या राहत, आणि टोपली रिकामी झाली की घेऊन पुढं जात. पुढच्या हिवाळ्यात त्याच घरच्या बाई विहिरीवर रंभाबाईंच्या बादलीचा दोर ओढताना मला दिसल्या. त्यांची मेथी पाण्यावाचून पिवळी पडत होती, हे कारण मला ठाऊक आहे. पण पायरीपासून विहिरीपर्यंत त्या कोणत्या दिवशी आल्या, हे मी पाहिलं नाही, याची मला अजून रुखरुख आहे. एरवी माझ्या नजरेतून फारसं सुटत नसे.

१९७५ पर्यंत प्लॉटवर नऊ घरांचे वाफे झाले. संध्याकाळी पाणी घालून झालं की सगळे विहिरीच्या काठावर टेकत. निवृत्त पोस्टमास्तर चंपतराव यांची कोबी काही केल्या गड्डा धरीत नव्हती. रंभाबाई रोज विचारायच्या, "काहून जी पोस्टमास्तर, कोबी बी पेन्शनीत निघाली का?" माझी १९७३ची डायरी उघडली तर तीत तापमान, दूध आणि टपाल आहे. पुढच्या वर्षापासून तीत माणसं आहेत.

मी काय करून बसले, हे सांगण्याआधी माझ्या शाळेची बाग सांगायला हवी. कॉन्व्हेंटमध्ये दर शनिवारी सिस्टर अ‍ॅग्नेस आमच्या हाती कात्री देत. झाडावर एकही सुकलेलं फूल, वाळलेलं पान दिसता कामा नये. ते दिसणं म्हणजे आळस. ती सवय माझ्या बोटांत चाळीस वर्षं राहिली होती.

१४ मार्च १९७६, रविवार. रंभाबाई मुलीच्या बाळंतपणासाठी पुलगावला गेल्या होत्या. मला वाटलं, त्या येईपर्यंत कुंपण साफ करून ठेवावं. वालाचा वेल करपून गेला होता. त्यावर तपकिरी, खडखडीत शेंगा लटकत होत्या आणि बऱ्याच शेंगांच्या देठाला जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या होत्या. दृष्ट लागू नये म्हणून असणार, असं मी ठरवलं. चिंध्या सोडल्या, शेंगा कापल्या, वेल मुळासकट उपटला. दुसऱ्या दिवशी होळी होती. सरपण मागत फिरणाऱ्यांना मी तो सगळा ढीग आनंदानं देऊन टाकला. चिंध्या मात्र फेकाव्याशा वाटल्या नाहीत. धुतल्या, वाळवल्या आणि घड्या करून ठेवल्या.

आठ दिवसांनी रंभाबाई आल्या तेव्हा मी त्या घड्या त्यांच्या हातात दिल्या.

"या तुमच्या चिंध्या. धुऊन ठेवल्यात."

त्यांनी चिंध्यांकडे पाहिलं, मग कुंपणाकडे.

"अन् शेंगा?"

"वाळल्या होत्या. होळीला दिल्या."

"चिंधी कायले बांधली होती मंग मी?"

"मला वाटलं, दृष्टीसाठी."

"बाई," त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "आमी टोटके छप्पन सालीच सोडले. तुमी इंग्रजी शायेत शिकून अजून धरून बसल्या? बियाले ठेवलेल्या शेंगीले चिंधी बांधतेत, म्हंजे कोनी तोडत नाई. आमच्याकडं लेकरालेबी ठाव असते."

"घरात थोडं बी असेलच ना?"

"नाई. यंदा पयली पेरनी पान्यानं सडली, म्हून उरलं होतं थे बी पेरून टाकलं."

बाकी घरांत विचारून उपयोग नव्हता. आम्ही सगळ्यांनी तो वाल खाल्लाच होता. बी राखणं हे रंभाबाईंचं काम, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांच्या माहेरी, वैनगंगेकाठच्या गावात, आईच्या परसातच तो वेल होता. आई गेली, भावानं जागा विकली, परसावर पक्कं घर उभं राहिलं.

"मायच्या घरून मी दोनच गोष्टी आनल्या होत्या," रंभाबाई म्हणाल्या. "एक हा वाल, अन् दुसरी ही जीभ. आता जीभच उरली." आणि त्या घरी गेल्या.

त्यानंतर त्या प्लॉटवर आल्या नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. रस्त्यात भेटल्या तर "बरं हाये का जी" म्हणत. पण संध्याकाळी आपलं दार लोटून घेत. प्लॉटवर लोक येत, आपापल्या वाफ्याला पाणी घालत आणि निघून जात. विहिरीच्या काठावर कोणी टेकेना. चंपतराव दोनदा म्हणाले, "आमच्या कोबीला कोणी विचारत नाही हो आता."

पेरणीला तीन महिने होते. तेवढ्यात ते बी कुठून तरी मिळालं नाही, तर त्या वालाचा वंश माझ्या हातून संपणार होता. मी जुन्या डायऱ्या काढल्या आणि एकेक पान वाचत बसले. तिसऱ्या दिवशी सापडलं. ९ फेब्रुवारी १९७४: 'कौशल्याबाई आज घर सोडून गेल्या. सामान बैलगाडीत. निघताना रंभाबाईंनी त्यांना वालाच्या बियांची पुडी दिली.' कौशल्याबाई बोरकर आमच्या शेजारच्या घरात भाड्यानं राहत. त्यांचा जरीपटक्याचा पत्ता डायरीच्या शेवटच्या पानावर होता.

एप्रिलच्या उन्हात मी बर्डीपर्यंत बसनं आणि तिथून रिक्षानं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जरीपटक्याला गेले. बाजारातल्या गर्दीतून वाट काढत, खाटांवर वाळत घातलेले पापड चुकवत ते घर शोधलं. जिना चढून वर गेले तर दोन खोल्या आणि पुढं पत्र्याखालची गच्ची. कौशल्याबाईंनी पाणी दिलं आणि माझं ऐकून हसल्या.

"इथं पेराले माती कुठं हाये ताई? पन बी हाये. नानाजीजवय हाये."

नानाजी त्यांचे सासरे. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. बोटांना काम द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते खाटेवर बसले होते. पुढ्यात दोन वाट्या, आणि त्यातली एकेक बी चिमटीत धरून ते या वाटीतून त्या वाटीत टाकत होते. काळी बी, एका बाजूनं पांढरी रेघ.

मी त्यांना सगळं सांगितलं, होळीसकट. त्यांनी आधी हातातली बी वाटीत पोचवली.

"म्हंजे होयीत जायलं तुमी," ते म्हणाले, "अन् बोटं उपाशी ठेवाचे माह्ये?"

"दुसरं काही आणून देईन मी."

"एकवीस हायेत. सकायी इकडून तिकडं, सांजच्याले तिकडून इकडं. पयले सहा महिने एक बी उचलत नोहती. आता सदऱ्याचं बटन लावतो मी. हे पाहा." त्यांनी वरचं बटण काढून पुन्हा लावून दाखवलं. त्याला वेळ लागला, मी थांबले. "बी जिचं हाये तिले पाठवा. तुमाले देनार नाई. तुमी बी जायून टाकता."

परत येऊन मी थेट रंभाबाईंच्या घरी गेले. तीन वर्षांत मी त्यांच्या दारापर्यंत कितीदा तरी गेले होते. उंबरठ्याच्या आत मात्र कधीच नाही, हे आत पाऊल टाकताना माझ्या ध्यानात आलं. त्यांनी कधी बोलावलं नव्हतं की मी कधी टाळलं होतं, हे मी तपासून पाहिलं. डायरीत दोनदा 'चहाला बोलावलं, काम होतं' असं आहे. काय काम होतं, ते लिहिलेलं नाही.

भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली वाटीत मोगऱ्याची फुलं होती. रुपरावांनी चहा टाकला. रंभाबाई ऐकून घेत होत्या.

"कौशल्येनं पेरलाच नाई?"

"नाही."

"बरं केलं बाप्पा! पेरला असता तं खाऊन टाकला असता." महिन्याभरात पहिल्यांदा त्या हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "पन बुढ्याच्या हातचं काढून कसं आनाचं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. बसमध्ये त्यांच्या मांडीवर एक पुरचुंडी होती. तीत चिंचोके होते.

नानाजींनी एक चिंचोका चिमटीत धरला. तो निसटला आणि खाटेखाली गेला.

"हे गुयगुयीत हायेत. पयतात."

"पयतीन तं पकडा," रंभाबाई म्हणाल्या. "वाल काई तुमाले सोडून जात नोहता, म्हूनच बोटं आयशी झाले तुमचे."

नानाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "हे बाई खरंच वेलाशी बोलते का हो?"

"अशीच बोलते," मी म्हटलं.

त्यांनी रंभाबाईंना हात पुढं करायला सांगितला आणि एकेक बी उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. पाऊण तास लागला असेल. वाटी उपडी केली असती तर क्षणाचं काम होतं, पण कौशल्याबाईंनी, मी किंवा रंभाबाईंनी तसं सुचवलं नाही. रंभाबाईंचा हात भरून आला तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताचा आधार दिला. अठरा झाल्यावर नानाजी थांबले.

"तीन ठेवतो. वयख म्हून."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते अठरा दाणे पेरले. दोन वर्षं हाताळून त्यांना तेलकट चकाकी आली होती; उगवतील याची रंभाबाईंनाही खात्री नव्हती. दहा दिवस काही नाही. अकराव्या दिवशी एक मोड, मग दुसरा, आणि आम्ही आशा सोडल्यावर कुंपणाच्या कोपऱ्यात तिसरा. तीनच. त्या वर्षी ऑक्टोबरच्या उन्हात नऊही घरांनी त्या तीन वेलांना पाणी घातलं. अति पाण्यानं मुळं सडतील म्हणून रंभाबाईंना शेवटी पाळ्या लावाव्या लागल्या. चंपतरावांनी 'तोडू नये' अशी पाटी रंगवून आणली.

"पाटी कायले?" रंभाबाई म्हणाल्या. "चिंधी हाये ना."

जानेवारीत वाल आला तेव्हा कोणी एकही शेंग खाल्ली नाही. सगळा बियाला ठेवला.

फेब्रुवारीत एका सकाळी रंभाबाई माझ्या फाटकाशी आल्या. हातात मी घड्या करून दिलेल्या त्याच चिंध्या होत्या, त्याच घड्यांत.

"चला. बांधा."

मी पहिली चिंधी बांधली. त्या मागं उभ्या राहून पाहत होत्या.

"अवं, सैल बांध! देठ कापून टाकशीन. पार्सल हाये का थे?"

मी सोडून पुन्हा बांधली. एक्केचाळीस शेंगांना चिंध्या लागल्या. शेवटच्या चार मी माझ्या साडीच्या काठाच्या फाडल्या.

पुढच्या पावसाळ्याआधी त्यातलं मूठभर बी घेऊन रंभाबाई एकट्याच जरीपटक्याला गेल्या. नानाजींनी तुपाच्या रिकाम्या डब्यात माती भरून गच्चीवर वेल चढवला. दोन हिवाळ्यांनी कौशल्याबाई भेटल्या तेव्हा कळलं की त्यांच्या गल्लीत चार-पाच घरी तो लागला आहे आणि सगळे त्याला 'नानाजीचा वाल' म्हणतात. हे रंभाबाईंना सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी विहिरीच्या काठावर, सगळ्यांसमोरच सांगितलं.

त्या मेथी निवडत होत्या. हात थांबला नाही.

"म्हनू दे वं. मायचा होता, मंग माहा झाला, आता थ्याचा. कोनाचाबी असू दे." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "फक्त होयीच्या आधी तुह्या हाती कात्री देऊ नका म्हनाव कोनी."

चंपतराव सगळ्यांत मोठ्यानं हसले. त्यांच्या कोबीनं त्या वर्षीही गड्डा धरला नव्हता.