पंखाचा सांधा
बायको समईला पॉलिश लावायला बसली, की त्या वासाने माझं डोकं अजून तापतं. नव्वदच्या दशकात मी शारजात विमानांच्या पत्र्याचं काम करायचो. हँगरमागे एक जुनं ब्रिटिश प्रवासी विमान उभं होतं. चारही इंजिनं शेपटीजवळ, त्यामुळे पंख मोकळे, नितळ. आमचे रत्नागिरीकडचे वयस्क मिस्त्री माझा हात धरून पंखाचे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांवरून फिरवायचे. "रिव्हेट लागतोय हाताला? नाही ना? याला म्हणतात काम!" एक दिवस सुपरवायझर म्हणाला, विमान म्युझियमला जाणार, चमकवा. आम्ही आठ दिवस उन्हात ते घासलं. नवव्या दिवशी विमान तोडायला लोखंडी जबड्याचं यंत्र आलं. "म्युझियम कुछ नहीं था, बेचने के लिए फोटो चाहिए थे. ग्राहक नहीं मिला. खलास," सुपरवायझर हसत म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण व्हिसा त्याच्या हातात होता. तेवढ्यात मिस्त्री शिडी चढले, खडूने पंखाचा सांधा आखला आणि यंत्रावरच्या माणसाला म्हणाले, "यहाँ से काटो." मी सगळ्यांसमोर ओरडलो, "लाज नाही वाटत तुम्हाला?" ते खाली उतरून म्हणाले, "ते ओरबाडून तोडणार होते रे. मला बघवलं नसतं." ते कायमचे गावी जाईपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही. आज मी त्यांच्याच वयाचा आहे. सुपरवायझरवरचा राग तसाच आहे. पण त्या दिवशी ओरडायला मला तेवढा एकच माणूस सापडला, याचा राग त्याहून मोठा आहे.