मिस्टेक कोणाची लिवलीत?

एसटी स्टँडवर वडिलांनी कंडक्टरला अडवून सांगितलं, "ह्यो माझो झील. बी.एस्सी. आसा. तेका पुढची सीट देवा." कंडक्टर तिकिटं काढत होता. मान वर न करता म्हणाला, बी.एस्सी. असेल तर सीटवरचा नंबर वाचता येत असेल. आजूबाजूची माणसं हसली. वडील हसले नाहीत. आमच्या वाडीत मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, आणि हे त्या कंडक्टरला कळायला हवं असं त्यांना वाटत होतं. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीखाली छाती काढून उभे होते. आईने फणसाच्या साठाचं, फणसपोळीचं, पुडकं आत सरकवलं आणि मुंबईत काकीला जड होऊ नको, एवढंच म्हणाली.

गावमंडळाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिही, असं कार्यकर्त्यांनी सांगितलं, म्हणून हे लिहितोय. गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखं ट्रंक घेऊन इकडे आलेल्यांसाठीही.

जोगेश्वरीला काकांच्या खोलीत आम्ही सात माणसं. काका गिरणीत होते, संपानंतर एका सोसायटीचे वॉचमन झाले. मला अंधेरीच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीत ट्रेनी केमिस्ट म्हणून घेतलं. पांढरा कोट मिळाला. पहिल्या दिवशी काकांनी तो कोट घालून मला चाळीत फिरवला.

कंपनीत मी एक शब्द वापरायला शिकलो. स्पेलिंग कॉलेजातच येत होतं, वापर इथे कळला. गावात गुरं दुसऱ्याच्या वाफ्यात शिरली तर दावं कोणी सैल बांधलं ते संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. कंपनीत तसं नव्हतं. मिस्टेक झाली, म्हणायचं. टायपिंगची मिस्टेक, स्टोअरची मिस्टेक. ती आपोआप व्हायची, करणारा कोणी नसायचा. सहा महिन्यांत मी घरीही तसंच बोलायला लागलो. चहात साखर जास्त पडली, मिस्टेक. चुकीच्या बसमध्ये चढलो, मिस्टेक. काकीला त्याचं कौतुक वाटायचं.

दुसऱ्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी माझ्या सहीवर गोष्ट आली. महिनाभरात मी कायम होणार होतो. वडिलांनी गावात ते आधीच सांगून टाकलं होतं.

काम असं होतं. सिरपची नवी बॅच सुरू झाली की पॅकिंगच्या बायका कार्टनवर मारायचा तारखेचा शिक्का बदलायच्या. पहिली तीन कार्टन मी हातात घेऊन बघायची, शिक्का कागदाशी ताडायचा आणि मग सही करायची. सही झाली की लाइन सुरू. त्या दिवशी लाइनवर मंदाताई होती. आरे कॉलनीतून बसने यायची, कॉन्ट्रॅक्टवर होती, वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी आणि तोंडाने त्याहून. मला चारची गणपती स्पेशल एसटी गाठायची होती. तुम्हाला सांगायला नको, ती गाडी चुकली की चतुर्थी रस्त्यात. मंदाताई म्हणाली, शिक्का अजून बदलायचाय. मी म्हटलं, तुम्ही बदला, मी सही करून ठेवतो. ती हसली. "कोकणातले लोक गणपतीला आंधळे होतात," म्हणाली. मी कोऱ्या रकान्यात सही केली आणि पळालो.

गावात पाच दिवस झकास गेले. परत आलो तेव्हा माझ्या टेबलावर एक कार्टन ठेवलेलं होतं. बॅचचा नंबर नवा, पण एक्स्पायरीचं वर्ष जुनंच. सगळा माल तसाच छापला गेला होता. गोडाऊनमधून निघायच्या आत कोणाच्या तरी लक्षात आलं म्हणून बाहेर गेला नाही.

आमच्या खात्याचे साहेब, देसाई, तसा प्रेमळ माणूस. त्यांनी दार लावलं आणि रिपोर्ट कसा लिहायचा ते सांगितलं. पॅकिंगची मिस्टेक झाली, एवढं एकच वाक्य. खोटंही नव्हतं ते. वर्ष बदलायला मंदाताईचा हात विसरला होताच. पण तो हात विसरला तर पकडायला माझी सही होती. हे मला माहीत होतं आणि साहेबांनाही. ते म्हणाले, कॉन्ट्रॅक्टची बाई आहे, तिला दुसरीकडे काम मिळेल, तुझं कन्फर्मेशन अडकलं तर पुन्हा मिळेल का?

मी तेच वाक्य लिहिलं. टाइप करून घेतलं. इंग्रजी चांगलं जमलं म्हणून बरंही वाटलं.

कागद वरच्या ऑफिसात द्यायला जिना चढताना ती खाली येत होती. साहेबांनी मला आत बोलावलं होतं हे तिला कळलेलं असावं. वाट सोडली नाही.

"मिस्टेक कोणाची लिवलीत?"

मी म्हटलं, पॅकिंगची.

"म्हंजे माझी. मग नाव लिवा की. पॅकिंगला काय पोरं हायत घरी?"

ती आवाज न चढवता बोलली. मी जिन्यात तसाच उभा राहिलो. वर गेलो तर ती उद्यापासून गेटच्या बाहेर. खाली आलो तर वडिलांनी गावभर सांगितलेलं खोटं पडणार. दोन मजल्यांचा जिना, पण तेवढा वेळ मला कधी कुठे लागलेला नाही.

खाली आलो. दुसरा कागद घेतला आणि हाताने लिहिलं, शिक्का बदलायच्या आधी, कार्टन न बघता मी सही केली. देसाईसाहेबांनी वाचलं, चष्मा काढला. "तू बी.एस्सी. ना रे? मग एवढी अक्कल नाही?"

माझं प्रोबेशन वर्षभर वाढलं. मंदाताईला कॉन्ट्रॅक्टरने आठ दिवस घरी बसवलं आणि परत घेतलं. तिने माझे आभार मानले नाहीत, मानण्यासारखं काही नव्हतंच. एवढंच झालं की तेव्हापासून पहिली तीन कार्टन ती माझ्या हातात आणून देते आणि मी प्रत्येक आकडा वाचेपर्यंत हलत नाही.

शिमग्याला गावी गेलो तेव्हा पडवीत चार माणसं बसली होती. कोणीतरी विचारलं, कायम झालंस मा? वडील ऐटीत माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं, नाही झालो. न बघता सही केली, माझी चूक झाली. वडिलांनी मान खाली घातली. त्यांची मान तशी मी पहिल्यांदा बघितली, आणि ती मी खाली घालायला लावली होती. मग म्हणाले, "आता बगून सही करतंस मा?" करतंय म्हटलं. ते उठून गोठ्यात गेले आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. कंपनीच्या फायलीत मात्र तो कागद अजून आहे.

आता मी कायम आहे. गोरेगावला स्वतःची खोली आहे. मुंबईत राहतो, तेव्हा दिवसातून दहा वेळा मिस्टेक म्हणतो, आणि त्यावाचून इथे भागतही नाही. पण काही माणसांसमोर तो शब्द माझ्या तोंडातून निघत नाही. घर कुठलं असं कोणी विचारलं की मला ती माणसं आठवतात. दोघं, आई आणि वडील, गावच्या पडवीत असतात. तिसरी सकाळी आरेच्या बसने कामावर येते.